“फाडून टाक” म्हणणारे कोर्टात येत नाहीत

प्रश्न: आम्ही नवराबायको तीन वर्षांपूर्वी नाशिकहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. मी इस्पितळात रेडिओग्राफर आहे. गाडी माझ्या नावावर आहे. ३ मे २०२५ च्या शनिवारी मी ड्युटीवर होतो आणि बायको गाडी घेऊन एका रिटेल पार्कात सामान आणायला गेली. तिथे दोन तास पार्किंग फुकट असतं. कॅमेऱ्यानुसार गाडी ११:४२ ला आत गेली आणि २:०३ ला बाहेर पडली. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं. नंतर पार्किंग कंपनीची नोटीस घरी आली. तिच्यावर तारीख २२ मे, रक्कम १०० पौंड, चौदा दिवसांत भरले तर ६०. इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले, “खासगी कंपनी आहे, फाडून टाक.” मी फाडलं नाही, पण उत्तरही कधीच दिलं नाही. मग वसुलीवाल्यांची १७० पौंडांची पत्रं आली, मग वकिलांचं, आणि आता थेट कोर्टाचा क्लेम फॉर्म. इश्यू डेट १४ जानेवारी २०२६, एकूण २६४ पौंड आणि काही पेन्स. बायको म्हणते भरून मोकळे होऊ. आम्हाला पुढच्या वर्षी घर घ्यायचंय, व्हिसाचीही धास्ती आहे. भरावं की लढावं?

उत्तर: लढावं. तुमच्या कागदांत एक मुद्दा असा आहे की त्यावर दावा पडायला हवा. पण तो मुद्दा कितीही पक्का असला तरी तारीख चुकली की त्याचा काही उपयोग नाही, म्हणून आधी तारखा कॅलेंडरवर मांडून घ्या.

क्लेम फॉर्म इश्यू झाल्यापासून पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असं धरतात, पोस्टमनने प्रत्यक्षात कधी टाकला याला महत्त्व नाही. म्हणजे १९ जानेवारी. तिथून १४ दिवसांत, म्हणजे २ फेब्रुवारीपर्यंत, दावा मिळाल्याची पोच द्यायची. तिला ॲकनॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस म्हणतात. ही पोच दिली की मूळच्या १४ दिवसांचे २८ होतात आणि लेखी कैफियत द्यायला १६ फेब्रुवारी दुपारी चारपर्यंत मुदत मिळते. पोच दिली नाही आणि कैफियतही दिली नाही, तर समोरचे एका अर्जावर एकतर्फी निकाल घेऊन मोकळे होतात. खासगी पार्किंगच्या दाव्यांत लोक हरतात ते बहुतेक असेच. न्यायाधीशाने त्यांचं म्हणणं ऐकलेलंच नसतं.

पोच आजच द्या. क्लेम फॉर्मवर दाव्याचा नंबर आणि पासवर्ड छापलेला असतो. त्यावरून मनी क्लेम ऑनलाइन या सरकारी साइटवर शिरायचं. तिथे “संपूर्ण दावा नाकारतो” या अर्थाचा पर्याय निवडा. कोर्टाच्या अधिकारक्षेत्राला आव्हान देण्याच्या चौकटीत खूण करू नका, तो मुद्दा वेगळा आहे आणि तुमचा नाही. कैफियतीच्या खिडकीत एक शब्दही लिहू नका. बरेच जण घाईघाईने तिथे “आम्ही दुकानात खरेदी करत होतो, पावती आहे” असं चार ओळींत लिहून पाठवतात आणि तीच त्यांची कैफियत ठरते. नंतर बदलायची तर अर्ज आणि फी.

आता त्या “फाडून टाक”बद्दल. हा सल्ला देणारे खोटं बोलत नव्हते, जुनं बोलत होते. १ ऑक्टोबर २०१२ पर्यंत इंग्लंडमध्ये खासगी कंपनीला गाडी कोण चालवत होतं हे सिद्ध करावं लागायचं आणि ते जमायचं नाही, म्हणून कंपन्या चाकाला जॅमर लावून पैसे उकळायच्या. त्या दिवशी प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ चा संबंधित भाग लागू झाला. खासगी जागेवर जॅमर लावणं बंद झालं, आणि त्याच्या मोबदल्यात कंपन्यांना गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागायची मुभा मिळाली, अर्थात कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या अटी पाळल्या तरच. हे परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. ग्लासगोतला मित्र “माझं काही झालं नाही” म्हणतो तेव्हा तो त्याच्या गावापुरतं बरोबर सांगत असतो.

कौन्सिलची नोटीस पूर्ण वेगळी. तिला पेनल्टी चार्ज नोटीस म्हणतात, ती कायद्याने लावलेली असते. तुमच्याकडची आहे पार्किंग चार्ज नोटीस, म्हणजे एका कंपनीचं म्हणणं की तुम्ही पाटीवरचा करार मोडला. दोघींनाही पीसीएन म्हणत असल्यामुळे लोक गोंधळतात, आणि कंपन्यांना तो गोंधळ बरा वाटतो.

व्हिसाचं ओझं डोक्यावरून उतरवा. हा दिवाणी दावा आहे. पोलीस नाहीत, लायसन्सवर पॉइंट नाहीत, गुन्ह्याची नोंद नाही. धोका आहे तो काउंटी कोर्ट जजमेंटचा, म्हणजे सीसीजेचा. निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंदवहीत काही राहत नाही. नाही भरली तर ती नोंद सहा वर्षं राहते आणि मॉर्गेज देणारी बँक ती बघतेच. पुढे इमिग्रेशनच्या एखाद्या अर्जात दिवाणी निकालांबद्दल विचारलं तर खरं ते लिहायचं. भरलेल्या किंवा मुळातच नसलेल्या निकालाबद्दल लिहिणं अर्थातच सोपं. वसुलीवाल्यांची जी पत्रं आली, त्यांना कुठलाही अधिकार नाही. ते बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमावरून वसुली करणारे अधिकारी, नाहीत. निकाल लागून पैसे थकल्याशिवाय बेलिफ दारात येऊ शकत नाही. त्यांच्याशी फोनवर बोलू नका आणि त्यांच्या खात्यात काही भरू नका. आता समोर फक्त कोर्ट आणि वादीचे वकील.

आता तुमचा खरा मुद्दा.

काचेवर नोटीस नसेल आणि सगळं कॅमेऱ्यावरून चाललं असेल, तर कंपनीने कीपरला पाठवलेली नोटीस पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत त्याच्या हाती पोचली पाहिजे. पाठवली पाहिजे असं नव्हे, पोचली पाहिजे. तुमच्या बाबतीत मोजणी ४ मेला सुरू होते आणि १७ मेला संपते. नोटिशीवर तारीख आहे २२ मे, म्हणजे मुदत टळून पाच दिवस झाल्यावरची. टपालाने पाठवलेली नोटीस पाठवल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं कायदा धरतो. २२ मे गुरुवार होता, २३ शुक्रवार हा पहिला कामाचा दिवस. मग शनिवार, रविवार, आणि २६ मेचा सोमवार ही बँक हॉलिडे. म्हणजे पोचली २७ मेला, दहा दिवस उशिरा. इथे “साधारण वेळेत” असं काही नसतं. मुदत गेली की कीपरकडून पैसे मागायचा हक्क गेला. उरतो तो फक्त चालकाविरुद्धचा दावा.

एवढ्या ढोबळ चुका कंपन्या का करतात? काही कंपन्या या कायद्यावर अवलंबूनच राहत नाहीत. नोटीस जाते, पुष्कळ लोक घाबरून भरतात, बाकीच्यांतले काही “मीच चालवत होतो, पण…” असं अपिलात लिहून स्वतःच चालक असल्याची कबुली देतात. तुम्ही काही लिहिलं नाहीत, ते सुदैव म्हणा.

मूळ नोटीस काढून आणखी एक गोष्ट तपासा. तिच्यात असा इशारा हवा की २८ दिवसांत पैसे भरले नाहीत आणि चालकाचं नाव व पत्ता कंपनीला कळला नाही, तर ती कीपरकडून वसूल करू शकेल. मुदत चुकवणाऱ्या नोटिशींत हा परिच्छेद पुष्कळदा गायब असतो. त्याऐवजी “तुम्ही चालक होता असं आम्ही समजतो” असं काहीतरी गुळमुळीत असतं. तसं दिसलं तर कैफियतीत त्या वाक्यावर बोट ठेवा.

मग कोर्ट विचारेल की चालक कोण? पोलिसांनी विचारलं तर कीपरला सांगणं भाग असतं. खासगी कंपनीला सांगायचं बंधन नाही. नोटिशीची मुदत चुकली म्हणून तुम्ही सुटता, बायको सुटत नाही, कारण चालकावरच्या दाव्याला ती १४ दिवसांची अट लागू नाही. तेव्हा कंपनीला किंवा वकिलांना तिचं नाव पत्रातून कळवू नका. पण खोटंही बोलायचं नाही. “कोण चालवत होतं आठवत नाही” असं लिहिणं तर अजिबात नको, कारण कैफियतीखाली सत्यकथनाची सही असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा कोर्टाचा अवमान आहे. तुमच्याकडे खरंच सांगण्यासारखं आहे: प्रतिवादी त्या दिवशी गाडी चालवत नव्हता, तो कामावर होता. इस्पितळाचा त्या आठवड्याचा रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, मॅनेजरकडून ई-मेलवर मागवून ठेवा. कीपर म्हणजे चालक असं गृहीत धरता येत नाही, हे व्हीसीएस विरुद्ध एडवर्ड या २०२३ च्या काउंटी कोर्टाच्या अपिलात ठरलं आहे. सुनावणीत न्यायाधीशाने थेट नाव विचारलं, तर खरं उत्तर द्यायचं. तोपर्यंत दावा तुमच्यावर आहे आणि तुमच्यावर तो टिकत नाही, एवढंच म्हणणं पुरे.

इतर मुद्दे दुय्यम आहेत, पण कैफियतीत यायला हवेत, कारण न्यायाधीश मुख्य मुद्दा मान्य करेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

वेळेचं बघू. दोन तास एकवीस मिनिटं ही गाडी उभी असल्याची वेळ नाही, दोन कॅमेऱ्यांमधली आहे. त्यात आत शिरून जागा शोधणं आलं, मुलाला गाडीतून काढणं आलं, शनिवारी दुपारी बाहेर पडायच्या रांगेत थांबणं आलं. पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही व्यापारी संघटनांनी जून २०२४ मध्ये काढलेल्या समान आचारसंहितेत मुदत संपल्यावर किमान दहा मिनिटांची सवलत आहे, आणि सुरुवातीला पाटी वाचून थांबायचं की नाही हे ठरवायला किमान पाच मिनिटं. ही सगळी मिनिटं एकत्र मोजून दावा आपोआप पडेल असं समजू नका. पण एकवीसमधून दहा गेली की अकराच उरतात, आणि त्या अकरांपैकी गाडी उभी किती वेळ होती हे सिद्ध करायचं काम कंपनीचं आहे. बायकोने त्या दिवशी रांगेत किती वेळ घालवला हे तिला आठवत असेल, पण तिने कोर्टात सांगायचं म्हटलं तर ती चालक होती हे उघड होतं. म्हणून हा मुद्दा “कंपनीकडे पार्किंगच्या कालावधीचा पुरावा नाही” इतपतच ठेवा.

“कंपनीचं नुकसान शून्य, मग १०० पौंड कसले?” हा युक्तिवाद मनाला पटतो, पण कोर्टात चालत नाही. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी तो फेटाळला. तिथेही दोन तास फुकट होते. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कात गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली होती आणि ८५ पौंड मागितले होते. जागा फिरती ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे असं कोर्ट म्हणालं. पण त्याच निकालात पाट्या मोठ्या, ठळक आणि ठिकठिकाणी लावलेल्या होत्या यावर भर आहे. म्हणून तुम्ही पाट्या तपासायच्या. स्वतः जा. प्रवेशाजवळ चालकाच्या नजरेच्या उंचीवरून, मग उभ्या गाडीतून फोटो काढा. १०० पौंडांचा आकडा किती मोठ्या अक्षरांत आहे, फुकट दोन तासांच्या खाली गाडला गेलाय का, झाडाच्या फांद्यांनी पाटी झाकली आहे का, कोपऱ्यातल्या जागांजवळ पाटी आहे तरी का, हे फोटोत दिसलं पाहिजे. फोनमध्ये तारीख राहते, तेवढं पुरेल. पाट्या मधल्या काळात बदलल्या असतील अशी शंका असेल, तर गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या महिन्यांची चित्रं बघता येतात.

त्या जादा ७० पौंडांचं तर सरळ आहे. कीपरकडून, कायद्याच्या अटी पाळल्या असल्या तरी, नोटिशीवर लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही. तुमच्या नोटिशीवर १०० आहेत. हे ७० वसुलीच्या खर्चाचे असं ते म्हणतात, पण बीव्हिसच्या निकालाप्रमाणे यंत्रणा चालवायचा आणि पत्रं पाठवायचा खर्च मूळ रकमेतच आलेला असतो. आचारसंहिता ७० पर्यंतची भर चालवून घेते, तरी बरेच न्यायाधीश ती देत नाहीत. तुमच्या २६४ मध्ये १०० मूळ, ७० ही भर, साधारण नऊ पौंड ८ टक्क्यांनी काढलेलं व्याज, ३५ कोर्ट फी आणि ५० वकिलाचे. व्याजही बहुधा १७० वर लावलेलं असेल, तपासा.

क्लेम फॉर्मवर दाव्याचा तपशील कसा लिहिलाय तेही वाचा. एकगठ्ठा दावे टाकणाऱ्या वकिलांचा मजकूर ठरलेला असतो: गाडीचा नंबर, तारीख, “अटींचा भंग केला”. कुठली अट मोडली, किती वेळ जास्त, तुमच्यावर चालक म्हणून दावा की कीपर म्हणून, यातलं काहीच नाही. सिव्हिल एन्फोर्समेंट लिमिटेड विरुद्ध चान (२०२३) आणि सीपीएमएस विरुद्ध अकांडे (२०२४) या काउंटी कोर्टाच्या अपिलांत अशाच तोकड्या तपशिलामुळे दावे काढून टाकले गेले. खालच्या न्यायाधीशावर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वजनदार आहेत. कैफियतीच्या सुरुवातीलाच हा मुद्दा घ्या आणि निकालांच्या प्रती जोडा. तुमच्या फॉर्मवर “२१ मिनिटं जास्त” असं स्पष्ट लिहिलं असेल तर हा मुद्दा दुबळा होतो. तेव्हा उगाच ताणू नका.

कैफियत साध्या इंग्रजीत लिहा, प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्या, स्वतःला “प्रतिवादी” म्हणा. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, दोन्ही पक्ष. मग क्रमाने: तपशील अपुरा, प्रतिवादी कीपर आहे पण चालक नव्हता, नोटीस २२ मेची, पोचली २७ मेला, मुदत १७ मेची, त्यामुळे कीपरवर जबाबदारी येत नाही, कालावधीचा पुरावा नाही, पाट्या, जागेच्या मालकाने या कंपनीला दावे करायचा अधिकार दिलाय याचा पुरावा मागतो, ७० पौंड आणि व्याज नाकारतो. शेवटी सत्यकथन, त्यात खोट्या विधानाबद्दल अवमानाची कारवाई होऊ शकते हे वाक्य सध्याच्या नमुन्यातलं जसंच्या तसं, मग सही आणि तारीख. दोन-तीन पानांत मावलं पाहिजे. कंपनी लुटारू आहे, बायकोला झोप लागत नाही, आम्ही कर भरतो, हे सगळं बाहेर ठेवा. न्यायाधीशाच्या दिवसभराच्या यादीत अशा किती फायली असतील याचा विचार करा. त्याला १७ मे आणि २७ मे या दोन तारखा पहिल्या पानावर दिसल्या पाहिजेत.

पीडीएफ करून सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरला ई-मेलने पाठवा, विषयाच्या ओळीत दाव्याचा नंबर. साइटवरच्या खिडकीत ओळींची मर्यादा आहे, तिथे कापून-जोडून बसवण्यापेक्षा हे बरं. ई-मेल मिळाल्याचं आपोआप येणारं उत्तर जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. दोन-चार दिवसांनी साइटवर दाव्याच्या इतिहासात “डिफेन्स मिळाला” अशी नोंद दिसते का बघा. नसेल तर फोन करा. म्हणूनच १६ फेब्रुवारीची वाट न बघता दहा तारखेच्या आत पाठवा.

सोबत दोन पत्रं. एक पार्किंग कंपनीच्या डेटा प्रोटेक्शन अधिकाऱ्याला: माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या, कॅमेऱ्याचे फोटो, पाठवलेली पत्रं, डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी कचेरीकडे केलेली विचारणा. हे फुकट असतं आणि महिन्याभरात द्यावं लागतं. कैफियतीच्या आधी येणार नाही, पण पुढे साक्षीच्या निवेदनाला लागेल. नोटीस छापून टपालात कधी पडली हे त्यातून निघालं तर सोन्याहून पिवळं. दुसरं, रिटेल पार्क चालवणाऱ्या व्यवस्थापनाला आणि बायकोने जिथे खरेदी केली त्या दुकानाच्या मॅनेजरला. पावती किंवा बँकेच्या स्टेटमेंटची ओळ जोडा आणि हा दावा मागे घ्यायला सांगा अशी विनंती करा. “आमच्या कुटुंबाने खरेदी केली” असं लिहा, कोण चालवत होतं ते नको. खरं तर हे मे महिन्यातच करायला हवं होतं. तेव्हा एका ई-मेलवर काम झालं असतं. अजूनही कधीकधी होतं, कारण जागा त्यांची आहे आणि चिडलेलं गिऱ्हाईक त्यांना नको असतं. पुण्यामुंबईत पावती फाडणारा समोर उभा असतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते. इथे समोर खांबावरचा कॅमेरा, म्हणून माणूस शोधायला दुकानातच जावं लागतं.

कैफियत गेल्यावर काही आठवडे शांतता असेल. मग एन१८० नावाची प्रश्नावली येईल. तीत सुनावणीसाठी तुमच्या जवळचं कोर्ट लिहा, साक्षीदारांच्या संख्येत स्वतःला धरा, आणि एक प्रत वादीच्या वकिलांना पाठवा. त्यानंतर फोनवरची मध्यस्थी. २२ मे २०२४ पासूनच्या अशा दाव्यांत ती सक्तीची आणि मोफत आहे. तासाभराची वेळ दिली जाते, मध्यस्थ आळीपाळीने दोघांना फोन करतो, समोरच्याशी थेट बोलावं लागत नाही. फोन उचलणं सक्तीचं आहे, तडजोड करणं नाही. तुमचं म्हणणं एकच ठेवा: नोटीस मुदतीबाहेरची, प्रतिवादी चालक नाही, देणं शून्य. “शंभरात मिटवू” असं येईल. तिथे जे बोलता ते सुनावणीत वापरता येत नाही, तरी बोलण्याच्या ओघात “बायकोने” हा शब्द निघू देऊ नका.

सुनावणीची तारीख लागली की कोर्टाच्या नोटिशीत दिलेल्या दिवसापर्यंत वादीने सुनावणीची फी भरायची असते, या रकमेच्या दाव्याला २७ पौंड. पुष्कळ दावे इथेच मागे घेतले जातात, विशेषतः समोरचा माणूस उभा राहणार असं दिसलं की. मागे घेतला नाही तर साक्षीचं निवेदन, रोटा, नोटीस, फोटो आणि निकालांच्या प्रती सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी, किंवा आदेशात असेल त्या तारखेला, कोर्टाला आणि वकिलांना पोचल्या पाहिजेत. सुनावणी छोट्या खोलीत, टेबलाभोवती होते. न्यायाधीशाला “जज” म्हणायचं. समोर बहुधा त्या दिवसापुरता नेमलेला वकील असतो, त्याने फाइल सकाळी वाचलेली असते.

हरलात तर किती? मूळ १०० किंवा १७०, व्याज, ३५, ५० आणि २७, म्हणजे वाईटात वाईट तीनशेच्या आत. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे अशा छोट्या रकमेच्या दाव्यांत, समोरच्या वकिलाची पूर्ण फी तुमच्यावर पडत नाही, तुम्ही बेजबाबदारपणे वागला नाहीत तर. महिन्याच्या आत भरलं की मॉर्गेजवर परिणाम नाही. जिंकलात तर प्रवासखर्च आणि बुडालेल्या पगारापोटी दिवसाला ९५ पौंडांपर्यंत मागता येतात. बायकोचं म्हणणं मी हलकं घेत नाही. आज पूर्ण रक्कम भरली तर दावा संपतो, निकाल लागत नाही, आणि कुणाला वर्षभराची टांगणी नकोच असेल तर तो मार्ग प्रामाणिक आहे. पण हरण्याचा जादा खर्च फार तर तीस-चाळीस पौंड आणि जिंकण्याची शक्यता चांगली, असं असताना २६४ पौंड देऊन टाकावेत असं मला वाटत नाही.

घर घ्यायचं म्हणजे पत्ता बदलणार. खटला चालू असताना घर बदललंत तर कोर्टाला आणि वादीच्या वकिलांना नवा पत्ता त्याच आठवड्यात लेखी कळवा. गाडीच्या व्हीफाइव्हसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, पत्ता आणि लायसन्सवरचा पत्ता ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही डीव्हीएलएच्या साइटवर फुकट होतात, आणि एक बदललं की दुसरं आपोआप बदलत नाही. भाड्याची घरं बदलणाऱ्या आपल्या मंडळींना सीसीजे कळतो तो मॉर्गेजचा अर्ज फेटाळल्यावर, कारण सगळी पत्रं जुन्या घरी गेलेली असतात. तो निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जालाच तीनशे पौंडांच्या वर फी पडते.